निळ्या झाकणाखालचं नाव

वनिता गेल्याचं मला भोरच्या एसटी स्टँडसमोर कळलं. रविवारची सकाळ होती, हातात मेथीची जुडी होती आणि ती कालची की आजची यावरून भाजीवालीशी माझी नेहमीची हुज्जत चालली होती. खिशातला मोबाईल वाजला. आमच्या कारखान्यातल्या बायकांचा एक ग्रुप आहे, त्यात त्यांनी मलाही ओढून घेतलंय. रोज सकाळी तिथं फुलं आणि सुविचार येतात, म्हणून मी तो सहसा उघडत नाही. त्या दिवशी उघडला. लताचा निरोप होता, ‘आपली वनिता आज पहाटे गेली.’ खाली एकापाठोपाठ एक जोडलेले हात येत होते. मी काचेवर बोट फिरवून निरोप वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वाचला... आणि एकदम बोट उचललं. त्या काचेला हात लावावासा वाटेना. आमचा कारखाना मोबाईलच्या काचा तयार करतो आणि वनितानं चार वर्षं त्याच काचा पुसल्या. माझ्या हातातली काच तिनं पुसलेली होती की आणखी कुठल्या मुलखातल्या बाईनं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. भाजीवाली म्हणाली, “घेताय का न्हाई मेथी?” मी जुडी तिथंच ठेवली आणि चालायला लागलो. राजवाड्यापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो.

त्याला आता दीड महिना होईल. माझं चालणं काही थांबलेलं नाही. बायको म्हणते, बसा हो एका जागी, तुमच्याकडं बघून मला घेरी येते. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. म्हणून म्हटलं, लिहून बघावं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लिहिणारा त्याच्याबद्दल चार शब्द चांगले लिहितो आणि त्या ओघात स्वतःबद्दलही दोन चांगले उरकून घेतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मला तशी सोय नाही. वनिताबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं. तेवढं सोसून वाचा.

मी या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. महामार्गाला लागून आमची पांढऱ्या पत्र्याची लांबलचक शेड आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. नोकरीची भीती हे एक कारण, आणि दुसरं असं, की नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, चला, आपला मोबाईल तिथला नाही. वनिता आमच्याकडं आली तेव्हा तिशीची होती. माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. नवरा दिलीप नसरापूरला शेअर रिक्षा चालवतो, त्यामुळं नसरापुरातच भाड्याची खोली. भरतीच्या दिवशी बायकांना दहा काचा देत आणि कुठल्या काचेच्या कडेला डिंक राहिलाय ते शोधायला लावत. बाकीच्या बायका काच उजेडाकडं धरून डोळे बारीक करत होत्या. हिनं डोळे चक्क मिटले, दहा कडांवरून अंगठा फिरवला आणि तीन काचा बाजूला काढल्या. मोठे साहेब म्हणाले, कुठं शिकलीस हे? “शिकायचं काय त्यात? जलमभर तांदूळ निवडलाय. खडा काय डोळ्याला घावतोय व्हय? बोटालाच घावतोय.”

काचा पुसायची खोली बंद असते. धूळ नको म्हणून खिडकी नाही, एसी सतत चालू. आत जाताना गेटवर बांगड्या उतरवून डब्यात ठेवायच्या, हा नियम. आत हातमोजे घालायचे, हाही नियम. पण मोजा घातला की वनिताच्या अंगठ्याला डिंक कळेना. “मोजं घालून तांदूळ निवडता का तुमी?” असं ती सुपरवायझरला म्हणाली आणि सगळी खोली हसली. दाराशी उभा असलेला मीही हसलो. तिच्या टेबलावरून गेलेल्या काचा परत येत नव्हत्या, म्हणून सुपरवायझरनं तिच्या उघड्या हातांकडं काणाडोळा केला. तिचं पाहून शेजारच्या लतानं मोजे काढले, मग तिच्या पलीकडचीनं. महिन्याभरात निम्मी खोली उघड्या हातांनी काम करू लागली. बांगड्यांचा नियम मात्र कुणी कधी मोडला नाही. बांगडीनं काचेला ओरखडा पडतो ना! त्या खोलीत काळजी होती, पण ती काचेची होती.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. काचा पुसायला तीन तऱ्हेची द्रावणं लागत. ती मोठ्या पिंपांतून माझ्याकडं येत आणि मी ती लहान बाटल्यांत भरून खिडकीतून देत असे. बाटल्यांवर इंग्रजी नावांची लेबलं असत, हातभर लांबीची. एकदा एका बाईनं चुकीची बाटली उचलली आणि काचांचा एक अख्खा ट्रे वाया गेला. वर बोंबाबोंब झाली. तेव्हा मी अक्कल पाजळली. म्हटलं, साहेब, या बायकांना इंग्रजी नावं कशाला? झाकणांचे रंग ठेवा. लाल, पांढरं, निळं. लेबलं काढून टाका, चूकच होणार नाही. साहेबांना ते इतकं पटलं, की त्या वर्षी ‘उत्तम सूचना’ म्हणून माझा फोटो नोटीस बोर्डावर लागला. मी बायकोला तो मोबाईलवर दाखवला. खरंच चूक झाली नाही त्यानंतर. “लते, निळं झाकण दे गं,” एवढंच. निळं सगळ्यात लवकर संपायचं, कारण डिंक त्यानंच सुटायचा. वास गोडसर. काही जणींना तो आवडायचासुद्धा. वर्षभरात खोलीतल्या कुणालाच, अगदी सुपरवायझरलासुद्धा, त्या द्रावणाचं नाव सांगता आलं नसतं. नाव फक्त पिंपावर होतं, आणि पिंप माझ्या पाठीशी.

तिसरं वर्ष संपता संपता वनिताच्या दंडावर निळसर डाग दिसू लागले. तिला वाटलं, ट्रे लागत असतील. मग जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. माझ्या खिडकीशी टेकून म्हणायची, “काका, पायात जीवच न्हाई बगा.” मी म्हणायचो, उपास कमी कर. नसरापूरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या चालू, काम चालू. एक दिवस दात घासताना रक्त आलं ते थांबेना, तेव्हा दिलीपनं तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, काम काय करता? काचा पुसते. कशानं? वनितानं सांगितलं, निळ्या झाकणानं. बाई चिडल्या. म्हणाल्या, मला झाकणाचा रंग नको, आत काय आहे त्याचं नाव आणा.

ती दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी आली. कामाचा झगा, डोक्यावर टोपी, ओठ पांढरे पडलेले. “काका, निळ्याचं नाव काय हो? डाक्टरीणबाईंना पायजे.”

मला नाव माहीत होतं. मान वळवायचीसुद्धा गरज नव्हती. पण कंपनीत एक हवा असते, ती नाकाला कळते. डॉक्टरीणबाई आणि निळं हे दोन शब्द एका दमात आले आणि ती हवा माझ्या नाकाला कळली. मी म्हटलं, “फाईल बघून सांगतो.” ती गेल्यावर मी साहेबांकडं गेलो. साहेब काही वाईट माणूस नाही, मुलांच्या परीक्षा, घराचे हप्ते यांत गुरफटलेला, माझ्यासारखाच. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हे बाहेर जायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकी तुम्ही शहाणे आहात.” शहाणाच होतो मी. स्टोअरमध्ये परत आलो आणि त्या पिंपाला दोन्ही हातांनी धरून फिरवलं, लेबल भिंतीकडं जाईल असं. ते मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

दर गुरुवारी तिचा दवाखाना असे. त्यामुळं दर बुधवारी ती खिडकीशी येई. “घावली का फाईल?” पहिल्यांदा मी म्हटलं, शोधतोय. दुसऱ्यांदा म्हटलं, साहेब सुट्टीवर आहेत. मग सांगायला कारणंच उरेनात, म्हणून तिला लांबून येताना पाहिलं की मी आतल्या रॅकमागं जायला लागलो. पन्नाशी उलटलेला माणूस खोक्यांमागं लपून उभा राहायचा! अशा बुधवारांमध्ये तीन महिने गेले. आणि हे तीन महिने ती घरी नव्हती, त्याच बंद खोलीत, त्याच टेबलाशी होती. घरी बसलं तर जागा जाईल ही भीती होती आणि कामामुळंच होतंय असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं. डॉक्टरीणबाई काम बंद करा म्हणत, पण त्याही अंदाजानं. ज्या नावानं त्यांचा अंदाज पक्का झाला असता, ते मी भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं.

मग ती यायचीच बंद झाली. लता म्हणाली, अंथरुणाला खिळलीय, रक्त चढवायला लागतंय. दोन दिवस मी आपण बरं, आपलं काम बरं असं स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून नसरापूरला उतरलो. का उतरलो ते मलाही सांगता येणार नाही, बस थांबली आणि पाय उतरले. तिची खोली रिक्षा स्टँडच्या मागच्या बाजूला आहे. वनिता भिंतीला टेकून बसली होती. तिची आई वेल्ह्याहून येऊन राहिली होती, ती दाराशी बसून कसलातरी पाला निवडत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कसली भाजी? म्हातारीनं नाव सांगितलं, मग खालच्या दुसऱ्या पाल्याचं सांगितलं, तिसऱ्याचं सांगितलं. एका फांदीशी थांबली, उलटसुलट करून पाहिली, आणि उंबऱ्याबाहेर टाकून दिली. वनिता हसली. केवढं थकलेलं हसू... “आमच्यात आसंच आस्तंय, काका. ज्याचं नाव म्हाईत न्हाई, ते आमी तोंडात घालत न्हाई. रानातल्या पाल्याला आमी नाव इचारतो. आन हितं चार वरसं हात बुडिवलं, तवा इचारलं न्हाई. माजंच चुकलं.”

माजंच चुकलं, म्हणाली ती! मला तिथं बसवेना. मी उठलो, खिशातून पेन काढलं, वनिताच्या मुलीची शाळेची वही तिथं पडली होती तिचं मागचं पान फाडलं आणि भिंतीला लावून लिहिलं. वर त्या द्रावणाचं लांबलचक नाव, इंग्रजीतून, एकेक अक्षर सुटं. त्याखाली मराठीत, ‘यात बेंझीन आहे.’ कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला. सातवीपर्यंत शिकलेली, ओठ हलवत वाचायची. मग कागदावरून नजर उचलून तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात फाईल नव्हती, चिठ्ठी नव्हती, मोबाईलसुद्धा खिशात होता.

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुमाला पाठ हुतं?”

मी पेन खिशात ठेवलं. म्हातारी चहा ठेवते म्हणत होती, मी बस चुकेल म्हणून निघालो. बस तर गेलेलीच होती. नसरापूरपासून किती चाललो कुणास ठाऊक, शेवटी एका टेम्पोवाल्यानं भोरला सोडलं. पुढचं लताकडून कळत गेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, हे आधी कळायला हवं होतं. आधी कळलं असतं तर ती वाचली असती का? मी हा प्रश्न घेऊन नंतर स्वतः त्यांच्याकडं गेलो, दारात ताटकळत उभा राहिलो. त्या खरं बोलणाऱ्या बाई आहेत. म्हणाल्या, सांगता येत नाही. बेंझीनमुळं हाडातल्या मगजात रक्त तयार होणंच बंद पडत गेलं होतं, ते कुठल्या महिन्यात हाताबाहेर गेलं हे कुणी सांगू शकणार नाही. पण ते तीन महिने ती त्या खोलीत नसती, एवढं नक्की. सांगता येत नाही, हे तीन शब्दच मला घरात बसू देत नाहीत. वाचलीच नसती असं कुणी म्हटलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. वाचलीच असती असं म्हटलं असतं तरी... जाऊ दे.

जलदानविधीला तिच्या माहेरी गेलो होतो. वेल्ह्याच्या पुढं रस्ता संपतो, तिथून थोडं चढून जावं लागतं. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, भंतेजींनी वंदना घेतली, सगळ्यांच्या मागं मी उभा. हात जोडून कुठं बघावं ते समजत नव्हतं. जेवणं झाल्यावर तिची आई मला शोधत आली आणि माझे दोन्ही हात तिनं धरले. म्हणाली, “तुमचं लई उपकार हायती. वनी सारखी म्हनायची, काकांनी लई खटपट केली, कुटनं कुटनं शोधून त्ये नाव काडलं. दुसरं कोन देतंय आसं?” म्हणजे वनितानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मरणाच्या दारात बसून तिनं माझी लाज झाकली होती. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. आजूबाजूला दिलीप होता, वनिताची मुलगी होती, लता होती, आणि मी म्हटलं काय, तर “त्यात काय एवढं, मावशी.” त्यात काय एवढं! माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून हा लेख. मावशी, तुम्हाला वाचता येत नाही, पण नातीकडून वाचून घ्या. मी ते नाव कुठून शोधून काढलं नव्हतं. ते मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. तुमच्या लेकीनं मागितलं तेव्हा मी ते लपवलं, आणि बाटल्यांवरून ते पुसून टाकायची युक्तीही माझीच होती. तुम्ही माझे हात धरलेत ते परत सोडायचे असतील तर सोडा. हे छापून आल्यावर नोकरी राहील की जाईल याचा विचार माझा करून झालाय. बायकोला लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, “वेल्ह्याला पेपर उशिरा पोचतो, तुम्हीच नेऊन द्या.” तेही करणार आहे.

कारखान्यात आता सुधारणा झाल्यात. बैल गेला आणि झोपा केला, तशा. खोलीला हवा बाहेर ओढणारा पंखा बसलाय, मोज्यांची सक्ती झालीय, ते द्रावण गुपचूप बंद होऊन दुसरं आलंय. साहेबांनी सांगितलं, नवीन द्रावण सुरक्षित आहे. असेलही. पहिल्याबद्दलही मला तसंच सांगितलं होतं. नवं पिंप आलं त्या सकाळी मी सवयीनं निळ्या झाकणांच्या बाटल्या भरून खिडकीत ओळीनं मांडल्या. लता आली, पण तिनं बाटलीला हात लावला नाही. हातात औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी आणि बॉलपेन. म्हणाली, “नाव सांगा.” मी पिंपावरचं नाव वाचलं. तिनं ते मराठीत पट्टीवर लिहिलं, पट्टी बाटलीवर दाबून बसवली, मग दुसरी. तिच्यामागं बायकांची रांग उभी होती आणि एकीलाही घाई नव्हती. नंतर मला कळलं, वनितानं दवाखान्यातून फोनवर लताला एवढंच सांगितलं होतं, की बाटली घेताना काकांकडनं नाव म्हणवून घ्यायचं, त्याबिगर उचलायची न्हाई. रोज.

ते द्रावण असं आहे, की थेंब ओघळला की शाई विरघळते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पट्टीवर नुसता जांभळा डाग उरतो. मग दुपारी लता पुन्हा खिडकीशी येते, नवी पट्टी काढते, पेनाचं टोपण दातात धरते आणि माझ्याकडं बघते. परवा मी वैतागून म्हटलं, “अगं, इतक्या दिवसांत तुला पाठ झालं असेल की.”

“झालंय की,” ती म्हणाली. “तुमी म्हना.”

मी पिंपाकडं वळून मोठ्यानं नाव म्हटलं.